सात?

"तीन, दोन, तीन... तीन, तीन, चार." डॉक्टर एकसुरी आवाजात आकडे सांगत होत्या आणि माझ्या डोक्यामागे कुठेतरी बसलेली त्यांची मदतनीस मुलगी ते कॉम्प्युटरवर टिपत होती. मी खुर्चीत उताणी, तोंड उघडं, दिव्याच्या उजेडानं डोळे मिटलेले. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत एक बारीक, बोथट सळई हलकेच उतरायची, तळाला टेकायची, वर यायची आणि शेजारी सरकायची. तिच्यावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा असतात, हे नंतर पाहिलं. एका दाताचे सहा आकडे: तीन गालाकडून, तीन जिभेकडून. माझ्या अक्कलदाढा कधीच गेलेल्या, म्हणजे दात २८, म्हणजे आकडे १६८. हा गुणाकार मी पडल्या पडल्या केला, कारण तोंडात दुसऱ्याचे हात असताना माणसाला करण्यासारखं फारसं काही उरत नाही. खालच्या उजव्या बाजूच्या शेवटच्या दाढेपाशी लय मोडली. "चार, पाच, सात." टकटक थांबली. "सात?" मुलीनं विचारलं. "सात," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या आकड्याकडे गेल्या.

पुढचे सगळे आकडे माझ्या कानावरून गेले. ते "सात?" मात्र घरी आलं, जेवायला बसलं आणि रात्री उशाशीही येऊन बसलं.

याला कारण माझं काम. मी हिशेब तपासते. आमच्याकडे दोघं समोरासमोर बसतात, एकानं व्हाउचर वाचायचं, दुसऱ्यानं वहीत खूण करायची. तासन्‌तास आकड्यांशिवाय शब्द नसतो. आणि मधेच समोरच्यानं शेवटचा सूर जरा उंचावून आपलाच आकडा आपल्याला परत विचारला, की पेन्सिल थांबते. त्याचा अर्थ एकच असतो, काहीतरी जुळत नाही. तो सूर मी आयुष्यात हजारो वेळा लावलाय. समोरच्या कारकुनाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना पाहिलाय आणि, खोटं कशाला बोलू, त्यात थोडी मजाही वाटलीय. पण वही होऊन आडवं पडण्याची माझी ही पहिलीच वेळ.

आणि वहीला माहीत होतं. हेच जास्त लागलं. बेसिनमधला तो गुलाबी फेस मी किती वर्षं पाहत होते? दहा तरी. आधी ब्रश कडक आहे असं ठरवलं आणि मऊ ब्रश आणला. मग उष्णता वाढली असेल. मग घाईत जोरात घासलं असेल. मग रक्त खरंच कमी झालं, आणि मला बरं वाटलं. आता कळतं की ते कमी झालं कारण माझा हात त्या बाजूला जायचाच टाळू लागला होता. हिशेबात 'सस्पेन्स खातं' म्हणून एक सोय असते. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची आणि वर्षअखेर उलगडा करायचा. दुसऱ्यांच्या वह्यांत असं खातं वर्षानुवर्षं फुगलेलं दिसलं की मी लाल शेरा मारते. घरच्या बेसिनपुढे मात्र रोज सकाळी तेच करत होते. नळ सोडायचा, फेस वाहून जायचा, रक्कम खात्यात जमा.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून पेनाच्या टोकानं दाखवलं. दातांच्या मधे हाडाची एक रेघ असते. ती दाताच्या मानेच्या जरा खाली, साधारण दोन मिलिमीटरवर असावी. माझी रेघ बऱ्याच ठिकाणी खाली गेली होती आणि शेवटच्या दाढेमागे तर ती एकदम विहिरीत उतरावी तशी उतरली होती. "किडे लागले का हाडाला?" मी विचारलं. त्या हसल्या नाहीत, यासाठी मी त्यांची ऋणी आहे. म्हणाल्या, हाड जिवाणू खात नाहीत. दातावर साचलेला थर वेळेत निघाला नाही की काही दिवसांत कडक व्हायला लागतो, त्याचं किटण होतं, त्यावर नवा थर चढतो, तो हिरडीच्या खाली शिरतो. त्याच्याशी शरीराची जी कायमची झटापट चालते, तिच्यात शरीर स्वतःच आपलं हाड विरघळवत मागे सरकतं. दुखत बहुधा नाही. हिरडी वरून जागच्या जागी दिसते, आतून मात्र तिची दातावरची पकड सुटलेली असते आणि मधे खिसा तयार होतो. तीनपर्यंतचा खिसा निरोगी तोंडातही असतो. सातच्या तळाशी कुठलाच ब्रश पोचत नाही.

दुखलं असतं तर मी गेले असते. असं मी तेव्हा स्वतःला पुष्कळदा सांगितलं. नंतर कुठेतरी एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि ती पळवाटही बंद झाली. डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या हाराल्ड ल्यो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली तो प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. तीन आठवड्यांत बिघाड आणि एका आठवड्यात दुरुस्ती, इतकं स्वस्त असतं ते सुरुवातीला. गुलाबी फेस हीच ती वेळ होती. हाड एकदा गेलं की हा हिशेब उरत नाही.

आपल्या भाषेलाही हिरड्यांचं काही पडलेलं नाही, असं त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं. दातांना केवढा मान! दातओठ खातात, दात विचकतात, दात काढतात, दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, चणे आहेत तर दात नाहीत म्हणून हळहळतात, विनवण्या करून दातांच्या कण्या होतात. ज्यांनी ही सगळी बत्तीशी धरून ठेवलीय त्या हिरडीवर एकसुद्धा म्हण मला आठवली नाही. लहानपणी हिरड्यांच्या याच आजाराचा एक शब्द तेवढा कानावर होता, पायोरिया. तो बाबांचा होता.

बाबांचे दात सुंदर होते. हे वाक्य मी मुद्दाम असं लिहितेय. किडलेला एकही नाही, चांदी भरलेला एकही नाही. पन्नाशीच्या आसपास ते समोरचा एक दात जिभेनं मागून ढकलत बसायला लागले. वाचताना, विचार करताना, दाढी करताना आरशात बघत. ओठ मिटलेले आणि त्यांच्याआड काहीतरी सतत हलतंय असा चेहरा. एका सकाळी ते मोरीतून बाहेर आले आणि तळहात माझ्यापुढे धरला. तळहातावर दात होता, मुळासकट, आख्खा. "बघ," म्हणाले, "एक डाग नाही." त्या आवाजात अभिमान होता, खरोखरचा. मी बारा-तेरा वर्षांची असेन. मला किळस आली आणि ती दिसू नये म्हणून मी दात हातात घेतला. तो उबदार होता. पुढच्या सहा-सात वर्षांत बाकीचेही असेच गेले, एकेक, बिनडागाचे. मग कवळी आली. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत बाबांचा हात तोंडापुढे आहे.

डॉक्टरांनी घरात कुणाला होतं का विचारल्यावर मी "वडिलांना" म्हणाले आणि का कुणास ठाऊक, आवाज दाटला. हा आजार घराण्यात फिरू शकतो. मी दादाला फोन करून सांगितलं, तूही तपासून घे. "मला काही दुखत नाही गं," तो म्हणाला.

आधी सर्जरी नव्हतीच. दोन बैठकांत, भूल देऊन, हिरडीखालची खोल सफाई झाली. रक्तातली साखर तपासून आणायला सांगितलं होतं, कारण मधुमेह असला तर हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या तर साखर आवरत नाही, असं ते दुहेरी लचांड आहे. साखर ठीक निघाली. दोन महिन्यांनी पुन्हा १६८ आकड्यांचं वाचन. बहुतेक पाच आणि चार, तीनवर आले होते. उजवीकडच्या शेवटच्या दोन दाढा हटून बसल्या होत्या, पाच आणि सात. "इथे हिरडी उघडून, डोळ्यांनी बघत साफ करावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. ही कल्पना जुनी आहे. लिओनार्ड विडमन नावाच्या स्वीडिश माणसानं १९१८ मध्ये अशी झाकण उघडल्यासारखी हिरडी उचलायची पद्धत मांडली आणि पुढे १९७४ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली. शंभर वर्षं जुनी पद्धत आहे हे ऐकून धीर यावा की येऊ नये, हे मला ठरवता आलं नाही.

सर्जरीच्या दिवशी तोंडाएवढं भोक असलेलं हिरवं कापड चेहऱ्यावर आलं आणि जग बंद झालं. जबड्याच्या आत खोल टोचलं. "जरा धडधडेल. ती औषधाची आहे, तुमची नाही," डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि खरंच छातीत कुणीतरी जिन्यावरून धावत गेल्यासारखं झालं. मग ओठाचा उजवा कोपरा गेला, हनुवटी गेली, जीभ अर्धी माझी आणि अर्धी परकी झाली. दुखलं नाही. पण न दुखणं म्हणजे न कळणं नव्हे. ओढ कळते, दाब कळतो, आपल्या अंगाचा काही भाग आपल्यापासून सोडवला जातोय हे कळतं. आणि आवाज! तो कानातून येत नाही, हाडातून येतो. मुळावरचं किटण खरवडताना आधी खर्र-खर्र, खडबडीत, पायरीवर पत्रा ओढल्यासारखा. हळूहळू तो बारीक होत गेला आणि शेवटी ओल्या काचेवरून बोट फिरवावं तसा झाला. काम झालं हे डॉक्टरांच्या आधी मला कळलं असं वाटलं. उगाच एक शहाणपण.

मधेच त्यांनी विचारलं, "बघायचंय?" मी मान हलवली. कापड जरा सरकवून त्यांनी छोटा आरसा धरला.

तिथे सात होता. आकडा नव्हे, खरोखरची जागा. हिरडी पुस्तकाच्या पानासारखी बाजूला झालेली, दाढेचं पिवळट मूळ उघडं पडलेलं आणि तिच्या मागे हाडात एक लहानसा खड्डा. हाड पांढरं नव्हतं, हस्तिदंती होतं, त्यावर गुलाबी झाक. जिवंत दिसत होतं. आपलं हाड आपण कधी पाहत नाही, पाहायचंही नसतं. मला बाबांच्या हातातल्या त्या दाताची ऊब आठवली. इतक्या वर्षांचा माझा दुर्लक्षाचा सगळा साठा एका डाळीच्या दाण्याएवढ्या जागेत मावला होता, हे पाहून लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. अर्ध्याच ओठात. त्या खड्ड्यात हाडाची भुकटी भरली. ती कशाची आहे हे संमतीच्या कागदावर लिहिलेलं होतं, मी सही केली होती, तेव्हा वाचताना अंगावर काटा आला होता. प्रत्यक्षात रक्तात भिजलेली वाळू वाटली. मग टाके, काळा दोरा, आणि वरून लाकडाच्या भेगेत भरतात त्या लांबीसारखा गुलाबी पॅक थापून दिला.

भूल उतरायच्या आत वेदनाशामक गोळी घ्या, हा त्या सगळ्या सूचनांमधला सर्वांत मोलाचा सल्ला होता आणि मी तो पाळला नाही. मला वाटलं, बघू तरी किती दुखतं. हा हिशेब तपासणाऱ्यांचा रोग आहे. संध्याकाळी बघितलं. पहिल्या दिवशी गालावरून बर्फ, थोडा वेळ लावा, थोडा वेळ काढा. थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, जोरात चूळ नाही, कारण त्या ओढीनं गोठलेलं रक्त सुटतं. लाळ गिळायची, तिला लोखंडी चव. उशी उंच. दुसऱ्या दिवशी सूज वाढली आणि तिसऱ्या दिवशी मी आरशात पाहिलं तर उजव्या गालानं डाव्याशी संबंध तोडले होते. "हीच कमाल," फोनवर डॉक्टर म्हणाल्या. "उद्यापासून उतरेल." उतरली. चौथ्या रात्री पॅकचा तुकडा सुटून जिभेवर आला. मी अंधारात उठून बसले. जिभेवर दाढेएवढं काहीतरी टणक, आणि मला पक्कं वाटलं की दाढच आली. दिवा लावेपर्यंतचे ते दहा सेकंद मी बाबांच्या तळहाताकडे बघत होते. टाके शाबूत असतील तर काळजी नको, असं सकाळी कळलं.

औषधी गुळणी दिवसातून दोनदा, एकेक मिनिट. तिनं आठवड्याभरात दातांवर तपकिरी छटा चढवली आणि जिभेवरून खारटपणा पळवला. गोड कळायचं, आंबट कळायचं, मीठ मात्र जगातून नाहीसं झालेलं. मऊ, कोमट, पातळ, बेचव असं ते डावीकडून चघळणं. त्या बाजूला ब्रश लावायची बंदी होती आणि गंमत अशी की दहा वर्षं जिथे हात जायचा टाळत होता, तिथे आता तो सारखा जाऊ पाहत होता. काळ्या दोऱ्यांची टोकं जिभेला मिशांसारखी लागायची. दहाव्या दिवशी टाके निघाले तेव्हा जिभेला करमेना.

त्या आडवं पडून राहण्याच्या दिवसांत एकदा मी नवऱ्याला विचारलं, "माझ्या तोंडाला वास यायचा का रे?" तो काहीतरी घड्या घालत होता. घडी पूर्ण केली. मग दुसरी घेतली. "कधी कधी," म्हणाला. "किती वर्षं?" तो गप्प. त्यानं सांगितलं नाही ते प्रेमापोटी, हे मला कळतं. माझ्या जागी तो असता तर मीही सांगितलं नसतं, हेही कळतं. तरी मी दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही आणि सुजलेल्या गालामुळे ते त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. प्रत्येक घरात एक सस्पेन्स खातं असतं आणि त्यात दोघंही भर घालत असतात.

सूज गेली, रंग आला, मीठ परतलं. पण हिरडी होती तिथे परतली नाही. ती दातांवरून खाली उतरून बसली, चांगली घट्ट, फिकट गुलाबी, पण खाली. आता दोन दाढांच्या मधे एक काळी त्रिकोणी फट आहे, तिथे जीभ दिवसातून कितीदा जाते ते विचारू नका. गार पाणी त्या उघड्या मुळांवरून गेलं की डोळ्यापर्यंत कळ जाते. फटीसाठी बाटली धुण्याच्या ब्रशची बाहुली असावी तसा एक चिमुकला ब्रश मिळालाय. रात्री सगळं आवरल्यावर मी बेसिनपुढे उभी राहून तो आत घालते, बाहेर काढते, उजेडात धरून बघते. सतराव्या शतकात लेवेनहुक नावाच्या एका डच कापडवाल्यानं दातांच्या फटीतला असाच पांढरा चिकटा भिंगाखाली धरला होता. स्वतःचे दात आपण रोज मीठ लावून घासतो, याचा त्याला अभिमान होता. १६८३ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवलं की एका राज्यात माणसं नसतील इतके जीव माणसाच्या तोंडात राहतात. कापडाचे धागे मोजणारा माणूस आणि त्यानं स्वतः घडवलेल्या भिंगातून हे दिसावं! माझ्या ब्रशवर मला काही दिसत नाही. पण दर रात्री थोडा वेळ बघते खरी.

भुकटी भरलेल्या जागेला सहा महिने सळई लावायची नव्हती. सहा महिने झाल्यावर पुन्हा ती खुर्ची, तो दिवा. मदतनीस मुलगी तीच. या वेळी आकडे जोडीनं येत होते, आधी खिसा किती आणि मग हिरडी किती उतरली. मी मनात बेरीज मांडत गेले, कारण खरा तोटा दोन्ही मिळून होतो, हे एव्हाना मला समजलं होतं. अलीकडच्या दाढेवर पूर्वी पाच होता. "तीन, आणि दोन." म्हणजे पाचच. खिसा बुजला तो हिरडी खाली आल्यामुळे, आत नवीन काही जमा नाही. जागा साफ करता येईल अशी झाली, एवढंच. हा नफा म्हणायचा का? मी असा जमाखर्च पास केला असता का? केला असता, शेरा मारून.

मग सळई शेवटच्या दाढेमागे उतरली. टेकली.

"चार," डॉक्टर म्हणाल्या. टकटक थांबली नाही. मुलीनं काही विचारलं नाही. उघड्या तोंडातून, सळई आत असतानाच, माझ्याच घशातून तो उंचावलेला सूर निघाला, "आ?"

"चार," डॉक्टर म्हणाल्या. "आणि एक."